चाकोरी कुणी पाडली?

१९९९ सालच्या माझ्या गोपनीय अहवालात साहेबांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली होती. मी तेव्हा एका निमसरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक होतो आणि त्या टेबलावर मला अकरा वर्षे झाली होती. शेरा प्रतिकूल असला की तो कर्मचाऱ्याला लेखी कळवावा लागतो, म्हणून ती ओळ माझ्यापर्यंत पोचली. तिचा मथितार्थ असा, की हा मनुष्य 'रट'मध्ये अडकून पडला आहे. रट हा शब्द मला माहीत नव्हता. कार्यालयातला इंग्रजी-मराठी कोश उघडला, तर पहिलाच अर्थ निघाला : हरणासारख्या नर जनावराचा माज. अकरा वर्षे मान खाली घालून टपाल नोंदवणाऱ्या माणसाला कसला माज आला असेल, या विचाराने मी दिवसभर अस्वस्थ होतो. संध्याकाळी कोश पुन्हा काढला तेव्हा उलगडा झाला. शब्द दोन आहेत, स्पेलिंग एकच. माजाचा रट लॅटिनमधल्या 'गर्जना करणे' या क्रियापदातून आलेला. साहेबांना अभिप्रेत असलेला दुसरा : गाडीच्या चाकांनी जमिनीत पडलेला खोल चर. म्हणजे आपली चाकोरी.

अपमान झाला होता, पण त्याहून जास्त कुतूहल वाटले. चाकोरीत माणूस अडकतो कसा? मी लहानपणी पाहिलेली चाकोरी अडकण्यासाठी नव्हती, चालण्यासाठी होती. भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. ग्रंथालयात जे मिळाले आणि पुढे संगणकावर जे उघडले, त्याच्या आधाराने गेली पंचवीस वर्षे मी या एका वाक्प्रचाराच्या मागे अधूनमधून फिरत आलो आहे. त्यातून जे हाती लागले ते मांडतो.

आधी चाकोरी पाहू, कारण ज्याने ती पाहिली नाही त्याला पुढचे पटणार नाही. माझे आजोळ गोदाकाठचे, काळ्या मातीचे. भर पावसात तिथे बैलगाडी चालतच नसे. चाकाला माती चिकटून चाक दुप्पट जड होई. पाऊस ओसरला की ज्या पहिल्या चारदोन गाड्या जात, त्यांच्या लोखंडी धावांनी ओल्या मातीत दोन चर पडत आणि आश्विनातल्या उन्हात ते विटेसारखे कडक होत. पुढचे आठ महिने तोच रस्ता. नवी गाडी करताना सुतार दोन चाकांमधले अंतर गावातल्या जुन्या गाडीवरून मोजून घेई, नाहीतर एक चाक चाकोरीत आणि दुसरे वरंब्यावर अशी गाडी कलंडायची. बाजाराहून रात्री परतताना आजोबा गाडीत आडवे होत आणि मी कासरा ओढू लागलो की म्हणत, "चाकोरी सोडू नको, बैलाला ठावं हाय." समोरून दुसरी गाडी आली तर रिकाम्या गाडीने उतरायचे आणि भरलेल्या गाडीने चाकोरी धरून राहायचे, अशी आमच्याकडे रीत होती. चाकोरी इतकी खोल गेली की गाडीचा आस मधल्या उंचवट्याला घासू लागला, मगच लोक शेजारून नवी वाट पाडत. एकट्याने कोणी ती पाडलेली मला आठवत नाही.

मराठीत गाडी थांबते ती चाकोरीत नाही, ती चिखलात रुतते. दोन चित्रे आहेत आणि दोन शब्द आहेत. इंग्रजीने ही दोन्ही चित्रे एका वाक्प्रचारात कोंबली आहेत, आणि त्याचे कारण इंग्लंडच्या रस्त्यांत सापडते.

(जाता जाता एक कबुली. 'रुतणे' आणि इंग्रजी 'रट' यांचे मूळ एकच असावे, असे मला पहिली दोन वर्षे वाटत होते. इतकेच नव्हे, 'रटाळ' हाही त्याच घरचा असे मी एकाला ठासून सांगितले होते. हे सारे निव्वळ नादसाम्य आहे. स्वतःच्या बळावर शिकणाऱ्या माणसाला व्युत्पत्तीचा नाद लागला की पहिला चिखल हाच लागतो.)

इंग्लंडमधले रस्ते अठराव्या शतकापर्यंत कसे होते, याचा सर्वांत प्रसिद्ध साक्षीदार आर्थर यंग. शेतीची पाहणी करत तो उत्तर इंग्लंडमध्ये हिंडला आणि १७७० मध्ये त्याने प्रवासवर्णन छापले. प्रेस्टन आणि विगन या गावांमधल्या रस्त्यावर त्याने चाकोरीची खोली प्रत्यक्ष मोजली. ती चार फूट भरली. दिवस उन्हाळ्याचे होते, तरी पावसामुळे चर चिखलाने तुडुंब होते. अठरा मैलांत मोडून पडलेल्या तीन गाड्या त्याला ओलांडाव्या लागल्या. या रस्त्याला येण्यापेक्षा सैतानाला टाळावे तसे त्याला टाळा, असे त्याने वाचकांना बजावले आहे. असला रट पाहिला की 'अडकणे' हे क्रियापद कुठून आले ते विचारावे लागत नाही. आमच्याकडे चाकोरी उन्हात भाजून पक्की होई. तिकडे बारमाही पाऊस, त्यामुळे चाकोरी म्हणजेच चिखल.

हे खड्डे कुणी बुजवायचे? १५५५ च्या कायद्याने ही जबाबदारी पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावावर टाकली होती. गावकऱ्यांनी वर्षातून चार दिवस फुकट राबून रस्ता दुरुस्त करायचा. १५६३ मध्ये चाराचे सहा दिवस झाले. आपल्या भाषेत ही वेठ. ती १८३५ च्या कायद्याने संपली, म्हणजे पावणेतीनशेहून अधिक वर्षे चालली. दुसऱ्याच्या मालाच्या गाड्यांनी पाडलेले चर गावातल्या शेतकऱ्याने बुजवायचे, असा तो व्यवहार होता, आणि वेठीचे काम जसे होते तसेच ते होई. टोलनाके बसवलेले रस्ते आले तेव्हा विश्वस्तांच्या लक्षात आले की दोष अरुंद चाकांचा आणि अफाट ओझ्याचा आहे. १७५३ चा रुंद चाकांचा कायदा त्यातून आला. मालाच्या अवजड गाडीचे चाक किमान नऊ इंच रुंद हवे, म्हणजे ते रस्ता कापणार नाही, उलट रुळासारखे दाबील, अशी त्यामागची अटकळ. कायदा फारसा यशस्वी झाला नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. चाकोरी का पडते याचे कारण शोधताना त्या संसदेने गाडीवानाच्या स्वभावाकडे पाहिले नाही. चाक, ओझे आणि रस्ता यांच्याकडे पाहिले. पुढे स्कॉटिश जॉन मॅकअ‍ॅडम १८१६ मध्ये ब्रिस्टॉलच्या रस्त्यांचा सर्वेक्षक झाला. बारीक फोडलेल्या खडीचे त्याचे रस्ते पुढच्या वीसएक वर्षांत इंग्लंडभर पसरले. मुख्य रस्त्यांवरची चाकोरी मिटत चालली.

आणि नेमक्या याच सुमारास हा शब्द लाक्षणिक झाला.

त्या आधी त्याचे कूळ पाहून घेऊ. रट हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो. फ्रेंचातून आलेल्या 'रूट' या शब्दाचाच तो भाऊ असावा असे अनेकजण मानतात. ऑक्सफर्डच्या कोशकारांना हे नाते पटत नाही, हेही सांगायला हवे. रूटचे मूळ लॅटिनमधल्या 'रुप्ता व्हिया' या जोडशब्दात आहे. व्हिया म्हणजे वाट, रुप्ता म्हणजे फोडलेली. रान तोडून, जमीन फोडून काढलेली वाट. 'रुटीन' हा शब्दही रूटचाच वंशज, तो सतराव्या शतकात इंग्रजीत आला. फूट पडणे या अर्थाचा 'रप्चर' याच घरातला, आणि 'बँकरप्ट'च्या शेपटीतही तीच फोडाफोड आहे. दिवाळी अंकात दिवाळ्याची आठवण नको, म्हणून पुढे जातो. सांगायचे ते इतकेच, की वरचे नाते खरे असेल तर साचलेपणाचा हा शब्द मुळात साहसाचा होता. ज्याने पहिल्यांदा रान फोडले त्याची ती वाट.

लाक्षणिक अर्थाचा पहिला ठळक वापर कोशकार थॉमस कार्लाइलच्या नावावर १८३९ साली नोंदवतात. त्या वर्षाच्या अखेरीस त्याचे 'चार्टिझम' हे छोटे पुस्तक निघाले. पार्श्वभूमी अशी : कामगारांना मताधिकार हवा, या मागणीचा अर्ज त्या उन्हाळ्यात संसदेपुढे आला. त्यावर सुमारे १२ लाख ८० हजार सह्या होत्या. जुलैमध्ये संसदेने तो २३५ विरुद्ध ४६ मतांनी बाजूला सारला. कार्लाइल काही चार्टिस्ट नव्हता, मताधिकाराने प्रश्न सुटेल असे त्याला वाटत नव्हते. पण इंग्लंडची दशा काय आहे हे विचारायलाही संसदेला सवड नाही, याचा त्याला संताप होता. तिचे वर्णन करताना तो म्हणतो की ती सामान्यपणाच्या खोल चाकोऱ्यांतून जडपणे रखडत चालली आहे.

इथे दोन गोष्टी मला दिसतात, आणि माझ्या सगळ्या शोधाचा अर्थ त्यांत आहे. पहिली, कार्लाइलची गाडी थांबलेली नाही. ती चालते आहे, हीच तक्रार आहे. खोळंबली असती तर कोणीतरी उतरून चाकाला खांदा लावला असता. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. चाकोरीत कोण आहे? राज्य चालवणारी संस्था. उपाशी विणकर नव्हे, गिरणीतला मजूर नव्हे. रखडल्याचा ठपका ज्याच्या हाती रस्ता आहे त्याच्यावर आहे.

कार्लाइलचा मित्र टेनिसन याची गंमत इथेच सांगतो. १८३० मध्ये लिव्हरपूलहून मँचेस्टरला जाणाऱ्या पहिल्या आगगाडीत तो बसला होता. रात्र काळोखी, फलाटावर गर्दी, त्यामुळे चाके त्याला दिसली नाहीत. त्याची समजूत झाली की गाडी जमिनीतल्या खाचांतून धावते. त्या समजुतीवर त्याने 'लॉक्सली हॉल' या १८४२ मध्ये छापलेल्या कवितेत जगाच्या प्रगतीची प्रतिमा उभी केली : बदलाच्या खाचांतून जग सदैव पुढे फिरत राहो. म्हणजे तीन वर्षांच्या अंतराने दोन मित्र एकाच आकाराकडे पाहत होते. जमिनीतली लांब खाच, आणि तिच्यात बसलेले चाक. एकाला त्यात जडत्व दिसले, दुसऱ्याला वेग. इंग्रजीत आजही हा दुटप्पीपणा टिकून आहे. खाचेला 'ग्रूव्ह' म्हणा, आणि तो जाझवाल्यांच्या तोंडी सूर जमल्याची खूण होतो. 'रट' म्हणा, तर माणूस वाया गेला. खाच तीच.

कार्लाइलनंतर या वाक्प्रचाराचे जे झाले त्याला मी घसरण म्हणतो. संसदेसाठी घडलेली प्रतिमा हळूहळू एकेका माणसाच्या गळ्यात पडली. आजच्या इंग्रजीत रटमध्ये असते ते कुणाचे तरी लग्न, कुणाची नोकरी, कुणाचा रविवार. आत्मविकासाची पुस्तके याच शब्दावर चालतात. दर वेळी उपाय एकच : तू बाहेर पड. गाडी तुझी, दोष तुझा. रस्ता, ओझे, चाकांची रुंदी हा १७५३ मधला साधा विचारही त्यात उरलेला नाही. याच्या शेजारी 'डोलड्रम्समध्ये असणे' हा दुसरा इंग्रजी वाक्प्रचार ठेवून पाहावा. डोलड्रम्स हे आधी उदास मनःस्थितीचे नाव होते, ते पुढे विषुववृत्ताजवळच्या शांत पट्ट्याला चिकटले. तिथे शिडाचे जहाज आठवडेच्या आठवडे जागेवर उभे राही. पण खलाशाला कुणी आळशी म्हणत नाही. वाराच पडला, तो काय करणार? साचलेपणाची एक प्रतिमा माणसाला माफ करते आणि दुसरी त्याला आरोपी करते, हे वापरणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

चाकोरी मुळात का पडते याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेत आहे. वायोमिंग राज्यात गर्न्सी नावाच्या गावाजवळ वालुकाश्मात कोरल्यासारख्या चाकोऱ्या आहेत, काही ठिकाणी पाच फूट खोल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ओरेगन आणि कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या गाड्यांनी त्या पाडल्या. आज ते राष्ट्रीय स्मारक आहे. या गाड्यांतली माणसे कोण होती? घरदार, शेतजमीन, ओळखीचे जग सोडून निघालेली. चाकोरीबाहेर पडण्याची याहून मोठी उडी कोणती? आणि त्यांनीच दगडात चाकोरी पाडली. सपाट माळावर हे लोक आपल्या गाड्या फाकवून चालवत, पुढच्याची धूळ खायला नको म्हणून. तिथे वाटा पसरट आहेत. गर्न्सीला मात्र नदीकाठ सोडून एका खडकाळ उंचवट्यावरून जावे लागे आणि जमिनीची ठेवण अशी, की जवळपास प्रत्येक गाडीला तीच जागा ओलांडणे भाग होते. चाकोरी खोल झाली ती दुसरी वाट नव्हती म्हणून. गाडीवानांच्या अंगात धाडस कमी होते म्हणून नव्हे.

चीनमध्ये तर चाकोरी हे राज्यकारभाराचे साधन होते. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये चीन एकछत्री करणाऱ्या छिन शी हुआंग या सम्राटाने वजनमापे आणि लिपी एक केली, तशीच गाड्यांच्या आसांची लांबीही एक केली. सगळ्या देशाच्या गाड्या एका चाकोरीतून जाव्यात म्हणून. तिथे एक चाकोरी म्हणजे एक देश.

आता आपल्या घरी येतो. मोल्सवर्थच्या कोशात चाकोरी आहे, आणि ती गाडीच्या चाकाची आहे. मराठीत आज तिची जी बदनामी आहे, तिला इंग्रजी शिकलेल्यांच्या रटची सोबत मिळाली असावी, असा माझा कयास आहे. गाडी हाकणाऱ्याने हा शब्द शिवीसारखा वापरला नसता. पुढे 'चाकोरीबद्ध' हे दूषण झाले आणि 'चाकोरीबाहेरचे' हे पदक. आपल्या समीक्षेने तर या पदकाची टांकसाळ उघडली आहे. कवितासंग्रह चाकोरीबाहेरचा, कादंबरी चाकोरीबाहेरची, लेखिकाही तशीच. कोणती चाकोरी, ती कुणी पाडली, तिच्यातून कोण कोण गेले, बाहेर पडल्यावर गाडी कुठे पोचली, यातले एक अक्षर परीक्षणात नसते. (हे मी दिवाळी अंकात लिहितो आहे. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने पाडलेल्या चाकोरीतून शंभरावर वर्षे आपली गाडी सुखरूप चालली आहे, आणि शेवटी वार्षिक राशिभविष्य नसेल तर वाचक पत्र लिहून विचारतात.)

दोन वर्षांपूर्वी एका स्नेही अनुवादिकेने मला हाच वाक्प्रचार विचारला. तिच्या हातातल्या इंग्रजी कादंबरीत तो तीनदा आला होता आणि तिन्ही ठिकाणी तिने 'चाकोरीत अडकणे' लिहिले होते. मी म्हटले, ताई, आधी चाक पाहा. फिरते आहे की थांबले आहे? पहिल्या ठिकाणी एक कारकून होता, रोज तेच करणारा. त्याला मराठीत तयार शब्द आहे : मागील पानावरून पुढे चालू. खतावणीत पान संपले की वर लिहायची ही ओळ, आणि तिच्यात माणसाबद्दल तुच्छता नाही. दुसऱ्या ठिकाणी एक दारुडा सुधारतो आणि पुन्हा घसरतो. तिथे 'ये रे माझ्या मागल्या'. तिसऱ्या ठिकाणी खाण बंद पडलेल्या गावातली म्हातारी दुकानदारीण होती. ती स्वतःबद्दल तो वाक्प्रचार बोलते. तिला घाण्याचा बैल म्हणावे का, असे अनुवादिकेने विचारले. नाही, कारण घाण्याच्या बैलाच्या श्रमातून निदान तेल तरी निघते. या बाईचे चाक फिरतच नव्हते. तिथे आम्ही 'रुतले' लिहिले. अनुवादिकेला शंका होती की मूळ लेखकाने एकच शब्द तीनदा योजला आहे, तर आपण तीन का करावे? शंका खोटी नाही. पण इंग्रजीच्या एका शब्दाने तिघांना एकाच दावणीला बांधले म्हणून मराठीनेही बांधावे, हे मला मान्य नाही. तिने अखेर कारकुनापाशी 'चाकोरी' परत आणली. म्हणाली, "तो सुखी आहे हो त्या कामात." मला ते पटले. 'अडकणे' मात्र तिने काढून टाकले.

आता त्या गोपनीय अहवालाचे. अकरा वर्षे मी आवक-जावकवर होतो, कारण टेबल बदलण्याचा अधिकार माझा नव्हता. मी दोनदा अर्ज केला होता. दोन्ही अर्जांची आवक नोंद माझ्याच हस्ताक्षरात आहे. जावक नोंद नाही. नोंदवहीचे रकाने बदलावेत, म्हणजे पत्र कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे ते दिसेल, अशी एक सूचनाही मी लेखी दिली होती. तीही आवकमध्येच आहे. साहेब वाईट नव्हते. त्यांची तिथे तीन वर्षे व्हायची होती, आणि चाळीस जणांचे अहवाल एका दुपारी लिहायचे म्हटल्यावर हाताशी असलेला वाक्प्रचार कामी येतो.

प्रतिकूल शेऱ्यावर कर्मचाऱ्याला अभिवेदन करता येते. त्यासाठी मुदत असते. मी केले नाही, कारण काय लिहावे ते सुचले नव्हते आणि इंग्रजी चुकेल अशी भीतीही होती. मुदत संपून पंचवीस वर्षे झाली. आज मसुदा तयार आहे, मराठीत, दोन ओळींचा : उपरोक्त चाकोरीतून माझ्या आधी किती कर्मचारी गेले आणि सदर रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, याची माहिती मिळावी, ही विनंती.